उजव्या हाताचे दार

मी डावखुरी आहे. लहानपणी आजीने प्रसाद, दक्षिणा आणि पाहुण्यांना द्यायचा पाण्याचा पेला या तीन गोष्टींसाठी उजवा हात पुढे करण्याची सक्ती केली होती. बाकीच्या व्यवहारांत तिने माझ्या डाव्या हाताकडे काणाडोळा केला. पुढे शाळेत शिकवताना मी आयुष्यभर डाव्याच हाताने फळा भरला आणि कोणाची काही तक्रार आली नाही. त्यामुळे साठी उलटल्यावर पुन्हा कोणी मला उजव्या हाताची आठवण करून देईल, असे वाटले नव्हते. ते काम पुण्याच्या मेट्रोतील तिकीटगेटने केले.

नळ स्टॉपच्या स्थानकावर पहिल्यांदा कार्ड घेऊन गेले, तेव्हा ते सवयीप्रमाणे डावीकडच्या खोक्यावर टेकवले. टिंग असा आवाज झाला, पण माझ्यासमोरच्या झडपा मख्खपणे मिटलेल्याच राहिल्या आणि डावीकडच्या वाटेतील झडपा उघडल्या. तेथे एक गृहस्थ खिशात तिकीट चाचपत उभे होते. दार उघडलेले पाहून क्षणभर त्यांना आपल्या पुण्याईचाच प्रत्यय आला असावा. ते तसेच आत गेले. मागे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने शांतपणे सांगितले, “काकू, कार्ड नेहमी उजवीकडे लावायचं.” त्या सुरात थेट आजी होती.

या गेटची रचना नंतर मी बाजूला उभी राहून नीट पाहिली. दोन वाटांच्या मध्ये जे कंबरभर उंचीचे खोके असते, त्याच्या एका टोकाचा स्कॅनर आत जाणाऱ्यासाठी असतो आणि दुसऱ्या टोकाचा बाहेर येणाऱ्यासाठी. पण दोघांच्याही दृष्टीने ते खोके उजव्याच हाताला येते. म्हणजे एकच खोके माझी वाट उघडते आणि समोरून येणाऱ्याला पलीकडची वाट उघडून देते. शिवाय अशा गेटांची दिशा बदलता येते. सकाळी लोंढा बाहेर पडणारा असेल, तर हिरवे बाण अधिक संख्येने बाहेरच्या बाजूला लावायचे आणि आत येणाऱ्यांना लाल फुल्या दाखवायच्या. एका ओळीत मांडलेल्या पाच-सहा खोक्यांत इतका विचार भरलेला आहे, याचे मला कौतुक वाटते. त्या विचारात डावखुऱ्यांना जागा मिळाली नाही, याचे फारसे वाईट वाटत नाही. कात्री आणि पाकिटाची चेन यांनीही आमचा विचार कधी केलेला नाही.

पुणे रेल्वे स्थानकाची गोष्ट वेगळी होती. 1925 साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या दाराशी काळ्या कोटातला टीसी उभा असे आणि बाहेर पडताना पुठ्ठ्याचे छोटे तिकीट त्याच्या पंजात द्यावे लागे. तिकीट कोणत्या हाताने दिले, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. शिवाय टीसीची नजर चुकवता येत असे, निदान तशी आशा तरी बाळगता येत असे. बसचा कंडक्टर “कुठं?” एवढेच विचारतो आणि तुम्ही कुठे उतरलात, ते पुन्हा तपासत नाही. मेट्रोचे गेट मात्र येताना विचारते आणि जातानाही विचारते, कारण कार्डातून भाडे किती कापायचे, हे दुसऱ्या टोकाशिवाय त्याला कळतच नाही.

खरी परीक्षा जिल्हा न्यायालय स्थानकावर असते. सगळे जण आजही त्याला ‘सिव्हिल कोर्ट’च म्हणतात. नळ स्टॉपहून मंडईला जायचे, तर वनाज–रामवाडी मार्गावरच्या गाडीतून येथे उतरून पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गावरची गाडी धरावी लागते. नकाशावर या मार्गिकांना अ‍ॅक्वा आणि पर्पल अशी नावे आहेत. ‘मला पर्पलने जायचे आहे’ असे म्हणणारा पुणेकर अजून माझ्या तरी कानावर पडलेला नाही. लोक ‘स्वारगेटची’ किंवा ‘रामवाडीची’ असेच विचारतात, कारण त्यांना रंगाशी नव्हे, गावाशी मतलब असतो. 1 ऑगस्ट 2023 पासून दोन्ही मार्गांच्या गाड्या येथे येऊ लागल्या आणि 29 सप्टेंबर 2024 ला येथून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला, तेव्हा कुठे माझी मंडईची वाट मोकळी झाली.

एक फलाट उंच खांबांवर आहे आणि दुसरा जमिनीखाली सुमारे 33 मीटर खोल. नळ स्टॉपहून येताना गाडी काही काळ मुठेच्या काठाने, नदीच्या पात्राकडे वरून पाहत येते. येथे गाडी बदलली की तीच मुठा डोक्यावर घेऊन कसबा पेठेकडे जायचे. मधला सगळा प्रवास सरकत्या जिन्यांचा. एक जिना संपतो, थोडे चालायचे, वळायचे, पुन्हा जिना. वाड्याच्या चौकांतून परसदारी जावे, तसे हे उतरणे आहे, फक्त विहिरीशी पोहोचल्यावर ती कोरडी आणि दिव्यांनी उजळलेली निघते. इतक्या खोलवरही दिवसाचा उजेड पोहोचेल, अशी छताची रचना केलेली आहे. तो कवडसा दिसला की मला आपण किती खाली आलो, याचा उलट अंदाज येतो.

गाडी बदलणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट एकच: मध्ये कुठेही गेट ओलांडायचे नाही. तिकीट काढलेल्यांच्या हद्दीतच राहून खाली उतरायचे. हे मला ठाऊक होते, तरीही दुसऱ्याच खेपेला मी चुकले. झाले असे, की सकाळी साडेदहाच्या सुमारास गाडीतून उतरणाऱ्यांत काळे कोट आणि पांढरे बँड पुष्कळ होते, त्यांच्यामागे बगलेत फायली घेतलेले पक्षकार होते आणि हे सगळे इतक्या ठाम पावलांनी चालले होते, की मी पाटी न वाचता त्यांच्या मागोमाग गेले. कार्ड लावले, या वेळी मोठ्या शिस्तीने उजव्या हाताने, दार उघडले आणि मी न्यायालयाच्या वाटेला लागले. माझा कोणाशीही दावा नव्हता. परत आत येताना नव्या प्रवासाचे भाडे भरावे लागले, ते अर्थात माझ्याच खात्यावरचे. तेव्हापासून मी एक खूण बांधली आहे: काळा कोट दिसला की त्याच्या विरुद्ध दिशेला वळायचे. हिंजवडीहून येणारी मार्गिकाही येथेच आणून टेकवण्याची आखणी आहे. मग पाठीवर लॅपटॉपच्या पिशव्या घेतलेल्यांची तिसरी धार या जिन्यांवर मिसळेल आणि मला नवीन खूण शोधावी लागेल.

मंडईला उतरले, की पुन्हा तेच उजव्या हाताचे दार. जाताना ठीक असते. परतीच्या वेळी उजव्या हातात मेथी, मुळे आणि दोन किलो बटाटे असतात आणि कार्ड अर्थातच डाव्या हातात. मग डावा हात पोटावरून आडवा नेऊन, कंबरेत किंचित पिळा घेऊन ते टेकवावे लागते. पिशवी डाव्या हातात घेतली तर सगळे सोपे होईल, हे मला कळते, पण गेटजवळ पोहोचेपर्यंत ते कधीच आठवत नाही. मागचे लोक उसासे टाकतात.

गेल्या गुरुवारी माझ्या पुढे कॉलेजातला एक मुलगा होता. उजव्या हातात हेल्मेट, डाव्या हातात मोबाइलवरचे तिकीट. गेटपाशी आल्यावर त्याने मोबाइल आडवा नेला, खांदा वाकवला, काचेवर धरला, तो नीट वाचला गेला नाही, म्हणून मनगट आणखी पिळून पुन्हा धरला. माझ्या मागून कोणीतरी “चला हो” म्हणाले. मी हलले नाही. उलट त्याला वळायला जागा मिळावी म्हणून बटाट्यांसकट एक पाऊल मागे सरकून उभी राहिले.