पी०४०१: व्हॉल्व्ह हलतो, तरी धूर का फिरत नाही?

स्कॅनरवर पी०४०१ हा एरर कोड दिसला की बहुतेक ठिकाणी ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) खोलून पुसतात, नाहीतर थेट नवा मागवतात. माझ्या दीड लिटरच्या टर्बो डिझेलवरही आधी तेच झालं होतं. व्हॉल्व्ह साफ झाला, कोड पुसला गेला आणि पंधरा दिवसांत पिवळा दिवा परत हजर. पिकअप मंद होताच. मग सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं.

पी०४०१ म्हणजे ‘व्हॉल्व्ह खराब’ नव्हे. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, हवा होता तेवढा धूर इंजिनात परत आला नाही, एवढंच तो कोड सांगतो. हे ईसीयूला कळतं कसं? बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर मोजणारा वेगळा सेन्सर नसतोच. एअर फिल्टरपुढचा एमएएफ सेन्सर ताजी हवा मोजतो. सिलिंडरमधली जागा ठरलेली. धूर शिरला की ताज्या हवेला जागा कमी उरते. हवा पुरेशी घटली नाही तर पी०४०१, नको तितकी घटली तर पी०४०२. म्हणून मी पाना हातात घेण्याआधी हवेचा आकडा पाहिला.

तो आकडा किती असावा, हे कागदावर काढता येतं. दीड लिटर, चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३७५ सीसी. ३० अंशांच्या आसपास समुद्रसपाटीला एक सीसी हवा साधारण १.१६ मिलिग्रॅम भरते. सिलिंडर पूर्ण भरला तर सुमारे ४३५ मिलिग्रॅम. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तो ८५ ते ९० टक्केच भरतो, म्हणजे ३७० ते ३९०. पुण्याच्या उंचीवर यातून सहा-एक टक्के वजा करा.

इंजिन ८० अंशांच्या वर तापवून, एसी बंद ठेवून लाइव्ह डेटा लावला. व्हॉल्व्ह बंद असताना दर स्ट्रोकला ३५८ मिलिग्रॅम. पुण्याच्या हिशेबात हे बसतं, म्हणजे एमएएफ, एअर फिल्टर आणि पुढचा होज यांवरचा संशय एका आकड्यात बराचसा मिटला. हाच आकडा २८०-३०० आला असता तर ईजीआरला हात न लावता आधी फिल्टर, एमएएफ आणि होजच्या क्लिपा तपासल्या असत्या. इथे एक गोष्ट अनेकांना चकवते: काही मिनिटं आयडलवर उभं ठेवलं की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू कार्बन साचू नये म्हणून ईजीआर आपोआप मिटतो. एकदा रेस देऊन सोडा, मग वाचा.

आता स्कॅनरमधून व्हॉल्व्ह उघडायला लावला. मागणी ४५ टक्के, प्रत्यक्ष ४४. हवा मात्र ३३४ वरच थांबली. या इंजिनात ती २१० ते २४० पर्यंत उतरायला हवी होती. व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे हलतोय, धूर येत नाही. नवा व्हॉल्व्ह टाकून काहीच बदललं नसतं.

मागणी आणि प्रत्यक्ष यांत तफावत असती तर वाट वेगळी. व्हॉल्व्हचा पाच पिनांचा कपलर काढून, चावी ऑन ठेवून तो किती उघडला ते सांगणाऱ्या सेन्सरच्या पिनांवर ५ व्होल्ट आणि अर्थ मिळतो का ते पाहायचं, मग कपलर लावून सिग्नलची वायर मागून तपासायची. व्हॉल्व्ह मिटलेला असताना तो साधारण १ व्होल्टच्या आसपास असतो आणि उघडताना सलग चढायला हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सरची पट्टी झिजलेली. पी०४०३ ते पी०४०६ हे कोड याच भागातले. जुन्या व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हला हातपंपाने ०.५ बार खेचून धरायचं. काटा घसरला तर डायफ्रॅम फाटलेला.

इनटेकची थ्रॉटल फ्लॅपही पाहिली. ती थोडी मिटून धूर ओढायला मदत करते. उघडीच अडकली तर रस्ता साफ असूनही प्रवाह कमी पडतो. आमची नीट फिरत होती. उरला फक्त रस्ता.

बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं, गाडी पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली. व्हॉल्व्ह आणि धूर थंड करणारा कूलर ठीक निघाले. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) धूर शिरतो ते तोंड मात्र पेन्सिल जाईल इतकंच उरलं होतं. नेमकं तिथेच का? ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ आणि धुरातली काजळी तिथे भेटतात आणि डांबरासारखा थर बसतो. व्हॉल्व्ह कितीही पुसा, हे तोंड दिसतच नाही.

मॅनिफोल्ड जागेवर ठेवून खरवडू नका, खपल्या थेट सिलिंडरमध्ये जातात. तो उतरवून कार्बन क्लीनरमध्ये भिजवला आणि लाकडी पट्टीने खरवडला. व्हॉल्व्हच्या मोटरवर फवारा मारला नाही, क्लीनर आत गेला तर सेन्सरही जातो. सगळी पॅकिंग नवी. एम६चे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरने. त्याहून जास्त ताकद लावली तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. कूलरही गळतीसाठी कूलंट सिस्टिमवर दाब देऊन तपासून घेतला, कारण कूलंट घटतंय आणि बाहेर थेंब नाही, अशी तक्रार कधी कधी इथूनच सुरू होते.

धुराच्या रस्त्यात आडवी पट्टी टाकून ईजीआर बंद करण्याचा सल्ला मिळालाच. धूर आला नाही की पी०४०१ पुन्हा येणार, म्हणून मग ईसीयूचं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं, आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात ते वेगळंच. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, त्यामुळे तिथे हे पकडलं जात नाही. पण पकडलं जात नाही एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही.

जोडणी झाल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची मिटलेली जागा शिकवली आणि कोड पुसला. त्याच ४५ टक्क्यांवर हवा २२६. मग ३० किलोमीटर गाडी चालवली, त्यातला काही भाग ७० च्या स्थिर वेगाने, आणि प्रलंबित कोड पाहिले. एकही नव्हता. ब्रीदरचा ऑइल सेपरेटर मात्र त्याच आठवड्यात बदलला. तो तसाच ठेवला असता तर नवा थर लगेच धरू लागला असता.