86 आणि 99 च्या मध्ये

सोमवार, रात्री

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय संपतो तेव्हा अब्राम 86 वर्षांचा आहे. सतरावा सुरू होतो तेव्हा तो 99 चा झालेला असतो. मधली 13 वर्षं शास्त्रात कुठेच नाहीत. एका वचनावरून दुसऱ्या वचनावर नजर गेली की झाली, संपली. आजवर मीही तशीच पुढे गेले होते. आज मात्र तिथेच अडले.

संततीचं देवाचं अभिवचन घेऊन 75 व्या वर्षी त्याने हारान सोडलं, 100 व्या वर्षी मुलगा इसहाक झाला. ही 25 वर्षं उपदेशात दोन वाक्यांत आटपतात, आणि दुसऱ्या वाक्यात बाळ हातात असतं. पण त्या 13 वर्षांत देव एकदा तरी बोलला का? शास्त्र सांगत नाही. दासी हागारपासून झालेला इश्माएल डोळ्यांसमोर वाढत होता, म्हणजे आपणच घाई करून काढलेला तोडगा रोज अंगणात खेळत होता. बायको साराय आणि हागार एकाच तळावर. अब्राम सकाळी उठून कळपाकडे जात असेल, संध्याकाळी परत येत असेल. कुणी विचारलं असतं, ‘काय रे, तुझ्या त्या अभिवचनाचं काय झालं?’ तर काय म्हणाला असता तो?

दादाची दारू सुटावी म्हणून मी जे मागते आहे, ते सध्या त्या न लिहिलेल्या वर्षांत आहे.

मंगळवार

आज प्रार्थनासभेत एका ताईंनी साक्ष दिली. मुलाला नोकरी लागली. खूप दिवसांचं मागणं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. पण परत येताना डोक्यात एकच: साक्ष नेहमी मिळाल्यावरच का द्यायची? ‘अजून काही झालेलं नाही, तरी मी इथे आले आहे’ असं म्हणायला कुणी पुढे गेलेलं मी पाहिलं नाही. अशाने न मिळालेल्यांना वाटतं, या सगळ्या मंडळीत रिकाम्या हातांचे आपणच.

मग कुणीतरी हलकेच खांद्यावर हात ठेवून म्हणतं, देवाची तीनच उत्तरं असतात: हो, नाही आणि थांब. चांगल्या मनाने म्हणतात, ठाऊक आहे. पण ‘नाही’ आणि ‘थांब’ ही दोन्ही ऐकणाऱ्याला अगदी सारखीच ऐकू येतात. शांतता ती शांतताच. फरक मागाहून कळतो, आणि मला तो आत्ता हवा आहे. त्याहून अवघड ते दुसरं वाक्य: विश्वास कुठेतरी कमी पडत असेल. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूने तीनदा मागितलं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदाच विनवलं. प्याला टळला नाही, काटाही निघाला नाही. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

गुरुवार, पहाटे

झोप नाही. वहिनीचा रात्री फोन आला होता. तेच. लिहीत नाही.

स्तोत्र 88 काढून बसले. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. स्तोत्र 13 मध्ये पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ आहे, पण शेवटी गाणं आहेच. 88 वळत नाही. ते रचणारा हेमान एज्राही रडत सुरुवात करतो आणि अंधारात संपवतो. एकही ‘तरीपण’ नाही. तरी ज्यांनी स्तोत्रं एकत्र बांधली त्यांनी ते वगळलं नाही, आणि कुणी खाली धीराचे दोन शब्दही जोडले नाहीत. उपासनेत म्हणायच्या पुस्तकात ते जसंच्या तसं राहिलं. मला याचा आधार वाटतो. गोड शेवट न जुळवता केलेली प्रार्थनाही प्रार्थना म्हणून चालते, असा दाखलाच आहे तो. आणि एक गोष्ट: इतका संतापलेला माणूसही पहिल्याच ओळीत त्याला ‘माझ्या तारणाच्या देवा’ म्हणतो. पाठ फिरवून नाही भांडत. तोंडावर भांडतो.

मार्थाही तशीच. लाजर आजारी आहे असा निरोप गेला, आणि येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. शुभवर्तमान लिहिणारा योहान हे लिहिण्याच्या अगदी आधी सांगतो की येशूची त्या तिघा भावंडांवर प्रीती होती. प्रीती होती आणि निघाला नाही! पोहोचला तेव्हा मार्थाने नमस्कार-चमत्कार न करता सरळ म्हटलं, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि अक्षरशः तेच वाक्य बोलते. भाऊ कबरेत होता ते चार दिवस दोघी बहिणी एकमेकींना तेच म्हणत असणार, असं मला वाटतं. येशूने दोघींपैकी एकीलाही ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही.

आता उजाडतंय. मीही तेच वाक्य म्हणून उठते आहे. माझा भाऊ अजून आहे, एवढाच फरक.

शुक्रवार

मोनिकाची आठवण निघाली. पाळकांनीच काढली, दादाचा विषय निघाल्यावर. ख्रिस्ती विश्वासापासून दूर गेलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडलेली आई, आणि तो मुलगा पुढे संत ऑगस्टीन. मला ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की खरं तर तिचा कंटाळा आला होता. पण ऑगस्टीनने स्वतः आत्मकथनात जे लिहिलं आहे ते या सांगण्यात सहसा नसतं. इ.स. 383 मध्ये तो कार्थेजहून रोमला निघाला. आई त्याला सोडायला तयार नव्हती. एका मित्राला निरोप द्यायचाय अशी थाप मारून त्याने तिला बंदराजवळच्या सिप्रियनच्या स्मारकमंदिरात रात्री थांबायला लावलं, आणि ती आत प्रार्थना करत असताना जहाज सुटलं. ती मागत होती एकच, याला जाऊ देऊ नकोस. नेमकी तीच प्रार्थना फेटाळली गेली. रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोज भेटले, आणि 387 मध्ये त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. तो स्वतः लिहितो, त्या रात्री तिने जे मागितलं ते देवाने दिलं नाही, ती कायम जे मागत होती ते देण्यासाठी.

त्या पहाटे किनाऱ्यावर उभ्या मोनिकाला हे कुणी सांगितलं असतं, तर तिने ऐकून घेतलं असतं? मला शंका आहे. त्याच्या लेखी ती तिथे दुःखाने वेडीपिशी झाली होती, देवाला दोष देत होती. आणि ते प्रसिद्ध वाक्य, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही, तेही एका दुसऱ्याच बिशपने तिला काही शांतपणे ऐकवलेलं नाही. ती पिच्छा सोडेना म्हणून ते जरा वैतागले होते, ‘जा बाई आता’ अशा सुरात बोलले. हे वाचून मला हसू आलं. आमच्या पाळकांचा चेहरा आठवला.

पण मोनिकाची गोष्ट हमी म्हणून कुणी माझ्या हातात देऊ नये. इब्री लोकांच्या पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची नावं घेत घेत शेवटी सांगतो, या सर्वांना अभिवचनाप्रमाणे प्राप्ती झाली नाही. सर्वांना! दादा कदाचित नाही सुटणार. हे वाक्य लिहायला हात जड झाला, पण ते लिहिता येत नसेल तर माझी प्रार्थना देवाकडे नसून निकालाकडे आहे, असं व्हायचं.

शनिवार

वहिनीबरोबर अल-अनॉनच्या सभेला गेले. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते ती, पिणाऱ्यासाठी नाही. मंडळीतल्या एकीला कळलं तर म्हणाली, ‘मग प्रार्थनेवर भरवसा नाही का?’ उत्तर द्यायचा कंटाळा केला. तिथे तीन गोष्टी सांगतात: हे आपण घडवलेलं नाही, आपल्याला ते आटोक्यात ठेवता येत नाही, आपल्याला ते बरं करता येत नाही. वहिनी पहिल्या गोष्टीलाच रडायला लागली. इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती आणि मी तिला ‘धीर धर, देव करील’ एवढंच म्हणत आले. दादा सुधारेपर्यंत तिने झोपायचंच नाही, असं तर देवाने कुठे म्हटलेलं नाही.

सारायने हागारला पुढे केलं ती घाई होती, कारण देवाचं काम आपल्या हाताने उरकायचं होतं. आजचं तसं नव्हतं. दादाच्या बाटलीला आम्ही दोघींनी हातही लावला नाही. रात्र वाईट असेल तर मुलांना घेऊन माझ्याकडे यायचं, दादा शुद्धीवर नसताना वाद घालायचा नाही, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, एवढं ठरलं.

रात्री प्रार्थनेला बसले तर पहिल्यांदा वहिनीची झोप मागितली, मग मुलांची परीक्षा. दादाचं नाव शेवटी आलं. पैशांचं जे ठरलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही. कळल्यावर आधी माझ्यावरच उखडणार. उद्या दुपारी सांगायचं आहे, तेव्हा त्यासाठीही आजच मागून ठेवलं.