सहा तारांसाठी तेवीस दिवस

सावंतवाडीजवळ आमचं घर, मीटर सिंगल फेज. वर्कशॉप बंद करणाऱ्या एका मिस्त्रींकडून बारा इंची रंधा मशीन घेतलं. जुनं, बिडाचं, टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. मोटर ३ एचपी, ४१५ व्होल्ट, तीन फेज. बेअरिंगं बदलली, पात्यांना धार लावली, मंजूर भार वाढवून घेतला. हे सगळं विनातक्रार झालं. सिंगल फेज घेऊन तीन फेज देणारा २.२ किलोवॅटचा ड्राइव्हही कुरिअरने वेळेवर आला.

पट्टा न चढवता मोटर फिरवली, मस्त फिरली. पट्टा चढवून फणसाची फळी घातली, तर दोन इंच आत जाऊन मशीन कण्हत थांबलं.

चूक माझीच. ड्राइव्हमध्ये २३० व्होल्ट गेले तर बाहेर २३०च येणार, ४१५ नाही. मोटर स्टारमध्ये होती, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं, त्यामुळे जोर तिसऱ्या हिश्शावर आलेला. तीच मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही कॉइल त्रिकोणासारख्या टोकाला टोक लावून जोडली की काम होतं, कारण स्टारमध्येही प्रत्येक कॉइलला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्टच मिळत असतात. पण डेल्टा करायला सहा टोकं लागतात. टर्मिनल बॉक्स उघडला तर तारा तीनच! उरलेली तीन टोकं आत एकत्र जोडून, वाइंडिंगला दोऱ्याने बांधून टाकलेली. ड्राइव्ह मागवण्याआधी हा डबा उघडून बघा. चार स्क्रू आहेत फक्त.

मग मोटर घेऊन गेलो वाइंडिंगवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, सगळी नवीन भरूक व्हयी." मी म्हटलं, एक वेढासुद्धा बदलायचा नाही, फक्त स्टारचा सांधा सोडव आणि तीन तारा बाहेर काढ. "मग कपॅसिटर लावतंय, सिंगल फेजवर पळतली." पळेल, पण जोर एक तृतीयांश तरी कमी होणार, आणि ड्राइव्ह घेऊन मी काय देव्हाऱ्यात ठेवू? कागदावर चित्र काढून दिलं. त्याने ते घडी करून बिलबुकात ठेवलं. "फाल्यां देतंय."

पाचव्या दिवशी मोटर होती तिथेच, वर एक पाण्याचा पंप ठेवलेला. दहाव्या दिवशी उघडलेली, पण तो जेवायला गेलेला. नंतर पाऊस आडवा आला. वार्निश सुकत नाही म्हणे. अठराव्या दिवशी मीच स्टूल घेऊन समोर बसलो. त्याने दोरा कापला, स्लीव्ह मागे सरकवली, आणि झाळलेला तो सांधा दिसला, शेंगदाण्याएवढा. तारा वाढवून बाहेर काढायला पाऊण तास लागला. पाऊण तास! वार्निश सुकायला आणखी पाच दिवस गेले तेवढे मात्र रास्त होते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून घेतल्याशिवाय मी मोटर उचलली नाही.

सहाही टोकांना तिथेच खुणा करून घ्या: पहिल्या कॉइलची टोकं यू१-यू२, दुसरीची व्ही१-व्ही२, तिसरीची डब्ल्यू१-डब्ल्यू२. यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२, झाला डेल्टा. नेमप्लेटवर ४.७ अँपिअर असतील तर आता ८.१ धरा आणि ड्राइव्हमध्ये तोच आकडा भरा. मीटरकडून ड्राइव्हला मात्र भाराखाली वीस अँपिअरच्या वर लागतात, म्हणून १६ अँपिअरच्या प्लगवर भागवू नका, वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढा.

आता फणस काय, शिसवसुद्धा एका दमात जातं. मी तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

हो, जुना स्टार्टर काढून टाका. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच नको, चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच. मोटर उलटी फिरली तर ड्राइव्हकडून मोटरला जाणाऱ्या कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा, पण हे पट्टा चढवण्याआधी बघायचं. ड्राइव्ह भुशापासून लांब ठेवा, त्याचा पंखा सगळं आत ओढतो. बंद केल्यावर कव्हर उघडण्याआधी दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

आणि आमच्याकडे पावसात लाइट सारखी जाते. परत आल्यावर मशीन आपणहून सुरू होणार नाही, अशी सेटिंग ड्राइव्हमध्ये असते. पात्यांजवळ हात घालण्याआधी ती तपासा. मी मेन स्विच पाडून दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बायकोला पाडायला लावला.