तुम्ही विचारलंत म्हणून : घड्याळ अडकले, आता रीसेट करू का?

नागपुरात सीताबर्डीवरच्या आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पूर्वी तीनच तक्रारी येत असत : घड्याळ मागे पडते, पुढे धावते किंवा चावी देऊनही चालत नाही. गेल्या काही वर्षांत चौथी तक्रार आली आणि आता ती या तिन्हींपेक्षा जास्त ऐकू येते. ‘भाऊ, स्मार्टवॉच हँग झालं, रीसेट मारून द्या.’ दुकानात तर विचारतातच, पण लग्नाच्या पंगतीत आणि सकाळी फुटाळा तलावावर फिरतानाही ओळखीचे लोक मनगट पुढे करून हाच प्रश्न विचारतात की, घड्याळ अडकले तर सरळ फॅक्टरी रीसेट करावे का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. बहुतेक वेळा रीसेटची गरज नसते, रीस्टार्ट पुरते. आणि रीसेट करावेच लागले, तर शक्य असेल तोवर ते फोनमधल्या ॲपवरून करावे आणि त्याआधी घड्याळातली माहिती फोनमध्ये उतरली आहे याची खात्री करून घ्यावी.

एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तीही माझ्या वडिलांच्या घड्याळाबाबत. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यावर आम्ही त्यांना स्मार्टवॉच घेऊन दिले. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला येताना आठवडाभराचे चालणे आणि नाडीचे ठोके दाखवायला सांगितले होते. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबले होते. स्क्रीन उजळ होती, पण बोटाला प्रतिसाद नव्हता. बटण थोडा वेळ दाबून पाहिले, काही झाले नाही, आणि मला दुकान उघडायची घाई होती. चार्जरवर लावल्यावर स्क्रीन क्षणभर जागी झाली, तेवढ्यात मी सेटिंग्जमध्ये शिरून रीसेट केले. घड्याळ अगदी नव्यासारखे सुरू झाले. दुपारी बाबांच्या फोनमधले ॲप उघडले तेव्हा कळले की फोनचे ब्लूटूथ आठ दिवसांपासून बंद होते. त्या आठ दिवसांची एकही नोंद फोनमध्ये उतरली नव्हती; ती फक्त घड्याळात होती आणि मी ती माझ्या हाताने पुसली होती. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर त्यांनी ‘घड्याळ बिघडलं होतं’ एवढेच सांगितले.

रीस्टार्ट आणि रीसेट हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण कामे अगदी वेगळी आहेत. स्मार्टवॉच हा एक लहानसा संगणक आहे. त्यात चालू कामासाठी लागणारी तात्पुरती स्मृती वेगळी असते आणि वीज गेली तरी टिकणारा साठा वेगळा असतो. घड्याळ हँग होते तेव्हा बहुधा एखादे ॲप तात्पुरती स्मृती अडवून बसलेले असते, किंवा दोन कामे एकमेकांची वाट पाहत थांबलेली असतात, किंवा ब्लूटूथचा संवाद अर्धवट तुटूनही घड्याळाला तो चालूच आहे असे वाटत असते. रीस्टार्टने ही तात्पुरती स्मृती रिकामी होते आणि सगळी कामे पहिल्यापासून सुरू होतात. कायमच्या साठ्यातल्या तुमच्या नोंदी, सेटिंग आणि फोनशी जुळलेली जोडी तशीच राहते. फॅक्टरी रीसेट मात्र हा साठाच पुसून टाकते. खोली झाडून घेणे आणि खोलीतले सामान बाहेर टाकून देणे यांत जेवढा फरक, तेवढाच या दोहोंत आहे.

आता बाबांच्या घड्याळाच्या वेळी मी कुठे चुकलो ते सांगतो. मी बटण थोडाच वेळ दाबले होते. स्क्रीन गोठलेली असताना तिच्यावरचे ‘बंद करा’ हे चिन्ह उपयोगी पडत नाही, कारण ते चिन्ह दाखवणारा प्रोग्रामच अडकलेला असतो. पण बटण बराच वेळ दाबून धरले की बहुतेक घड्याळांत तो इशारा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या स्वतंत्र चिपकडे जातो आणि ती चिप प्रोग्रामला न विचारता वीज तोडून पुन्हा जोडते. म्हणून सेकंद मोजायला हवेत. ॲपल वॉचमध्ये बाजूचे बटण आणि डिजिटल क्राउन, म्हणजे आम्ही जिला चावी म्हणतो ती, ही दोन्ही एकाच वेळी निदान दहा सेकंद दाबून धरायची आणि सफरचंदाचे चिन्ह दिसले की सोडायची. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ४ पासूनच्या घड्याळांत उजवीकडची दोन्ही बटणे सात सेकंद किंवा थोडी अधिक दाबावी लागतात. स्वस्तातल्या, एकच बटण असलेल्या घड्याळांत तेच बटण दहा-पंधरा सेकंद धरून पाहावे. त्यानेही हलले नाही तर बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि मग चार्जरवर लावावे; बंद होऊन पुन्हा सुरू होणे हाही एक रीस्टार्टच आहे. चार आकडे मोजून लोक ‘होत नाही’ म्हणतात, आणि दुकानात मी त्यांच्यासमोर दहापर्यंत मोजतो तेव्हा नवव्या-दहाव्या आकड्याला स्क्रीन काळी होऊन बोधचिन्ह उमटते. घड्याळात अपडेट सुरू असेल तेव्हा मात्र हा उपाय अजिबात करू नये, कारण अर्धवट लिहिलेली प्रणाली मग सुरूच न होण्याचा धोका असतो. तसेच ॲपल वॉच चार्जरवर असताना नेहमीच्या पद्धतीने रीस्टार्ट होत नाही. आधी ते चार्जरवरून उतरवावे लागते.

घड्याळासोबत फोनही एकदा बंद करून सुरू करावा, हे लोकांना पटत नाही. पण सूचना येत नाहीत, कॉल दिसत नाही, हवामान जुनेच दिसते, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा फोनमध्ये असते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पडद्यामागे चालणारे ॲप बंद करून टाकतो आणि दोष घड्याळाच्या माथी येतो. ॲपला मागे चालण्याची परवानगी आहे का, हे त्यासाठी आधी पाहावे.

हे मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी गार्मिन या कंपनीची अनेक घड्याळे जगभर एकाच वेळी निळ्या त्रिकोणावर अडकली. बिघाड जीपीएसशी संबंधित होता. कंपनीने सुचवलेला पहिला उपाय साधा होता : बटण दाबून धरून घड्याळ बंद करा, पुन्हा सुरू करा आणि फोनशी सिंक करा, म्हणजे घड्याळ आणि फोन यांची माहिती जुळवून घ्या. रीसेटची पाळी त्यानंतरची होती. हे उदाहरण मी ग्राहकांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घड्याळाचा बिघाड फार गंभीर आहे आणि त्याला रीस्टार्टसारखा किरकोळ उपाय पुरणार नाही, असे प्रत्येकाला वाटत असते.

आपल्या नागपूरचा एक वेगळा प्रश्न आहे. ॲपल आपले घड्याळ शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यासाठी आहे असे सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ पर्यंत जातो. अशा उन्हात उभ्या गाडीत राहिलेले घड्याळ हँग झाले, चार्जिंग घेईना किंवा आपणहून बंद पडले, तर तो प्रोग्रामचा दोष समजू नये. बॅटरीला उष्णतेने इजा होऊ नये म्हणून घड्याळ स्वतःच काम थांबवत असते. त्याला पट्ट्यापासून मोकळे करून कूलरच्या खोलीत, पाण्याच्या तुषारांपासून दूर, अर्धा तास ठेवावे आणि मग चार्जरवर लावावे. फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आतल्या भागांवर ओल धरते. आणि स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे असे समजून घड्याळ बंद करावे आणि चार्जिंगला लावू नये. तिथे रीस्टार्ट आणि रीसेट दोन्ही निरुपयोगी आहेत.

उन्हाळ्यातच एक सेवानिवृत्त काकाजी आले होते. ‘नाडीचे आकडे काहीच्या काही दाखवते, रीसेट मारून द्या बरं,’ म्हणाले. मी घड्याळ उलटे केले. मागच्या काचेवर घाम आणि टाल्कम पावडर यांचा पांढुरका थर बसला होता आणि बटणाच्या कडेने मिठाची बारीक रेघ दिसत होती. हे सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत सोडतात, रक्त तो प्रकाश शोषते आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. मध्ये पावडर असेल तर मोजणार काय? भिंग लावून मऊ कुंचल्याने बटणाची कड झाडली, ओलसर सुती कापडाने काच पुसली, चार्जिंगचे दोन पितळी टोक कोरड्या कापसाने साफ केले आणि पट्टा एक छिद्र आवळून मनगटाच्या हाडापासून थोडा वर बांधून दिला. आकडे जागेवर आले. काकाजींना मी मे २०२४ च्या शेवटची आठवण करून दिली, जेव्हा नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते, सगळ्या देशात त्याची बातमी झाली होती आणि मग सेन्सर बिघडल्यामुळे आकडा चुकला, असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला होता. मोजणारा भागच चुकत असेल तर साठा पुसून आकडा सुधारत नाही, हे त्यांना लगेच पटले.

तरीही रीसेटची वेळ येते. दोनदा-तीनदा रीस्टार्ट करूनही घड्याळ बोधचिन्हावरच घुटमळत असेल, अपडेटनंतर बॅटरी रोज निम्म्या वेळात संपत असेल, जोडी पुन्हा पुन्हा तुटत असेल किंवा घड्याळ दुसऱ्या कोणाला द्यायचे असेल, तर ते करावे. घड्याळ थोडेसेही प्रतिसाद देत असेल तर आधी ब्लूटूथ सुरू करून ॲप उघडावे, सिंक पूर्ण होऊ द्यावे आणि आजच्या पावलांचा आकडा फोनमध्ये दिसतो आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. घड्याळाची स्वतःची साठवण मोजकीच असते आणि अनेक घड्याळे थोड्या दिवसांचाच तपशील जपतात, म्हणून बिघाड नसतानाही आठवडाभर सिंक न करणे चुकीचे आहे.

ॲपल वॉच असेल तर आयफोनमधल्या वॉच ॲपमधून अनपेअर करावे, म्हणजे फोनशी असलेली जोडी तोडावी. तसे केल्याने ॲप आधी घड्याळाचा बॅकअप, म्हणजे माहितीची प्रत, घेते आणि मगच घड्याळ पुसते. घड्याळाच्या सेटिंग्जमधून थेट पुसल्यास असा ताजा बॅकअप होत नाही आणि ॲक्टिव्हेशन लॉकही निघत नाही, म्हणजे ते घड्याळ मूळ मालकाच्या खात्याशी बांधलेलेच राहते. जुने घड्याळ विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी नेमके हेच तपासावे. असे कुलूपबंद घड्याळ घेऊन आलेल्या एका मुलाला मी काहीच मदत करू शकलो नव्हतो आणि त्याने त्यासाठी पहिल्या पगारातले पैसे घातले होते. सॅमसंगमध्ये गॅलेक्सी वेअरेबल ॲपमध्ये बॅकअप तपासून मग रीसेट करावे. स्वस्त घड्याळांत ॲपमधून घड्याळ काढून टाकावे, फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही त्याचे नाव पुसावे आणि मगच घड्याळातले रीसेट करावे. यादीतले जुने नाव तसेच राहिले तर नव्याने जोडताना घड्याळ सापडत नाही आणि लोक रीसेट फसले असे समजून तेच पुन्हा करत बसतात. या सगळ्या वेळात चार्जर लावून ठेवावा किंवा बॅटरी निम्म्याहून अधिक तरी असावी.

रीसेट झाल्यावर घड्याळ सुरू झाले म्हणजे काम संपले, असे धरू नका. पासकोड आणि पैसे देण्याची कार्डे पुन्हा टाकावी लागतात, ब्लूटूथ इअरफोन पुन्हा जोडावे लागतात. सॅमसंगवर रक्तदाब पाहणाऱ्यांना दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधणाऱ्या रक्तदाबाच्या यंत्राने जुळवणी करावी लागतेच. रीसेटनंतर ती आधी करावी, तोवर त्या आकड्यावर औषधाचा निर्णय घेऊ नये. वय, उंची आणि वजन बरोबर भरावे. आणि ज्येष्ठ माणसाचे घड्याळ असेल तर पडल्यावर आपोआप फोन लावण्याची सोय चालू आहे का आणि तिथे कोणाचा क्रमांक आहे, हे स्वतः उघडून पाहावे.

बाबांचे घड्याळ मी त्या संध्याकाळी पुन्हा जोडले तेव्हा ती सोय बंद होती आणि क्रमांकाची जागा रिकामी होती. मी माझा क्रमांक टाकला, त्याखाली बहिणीचा टाकला, दोन्ही पुन्हा वाचून पाहिले आणि मग त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला.