पावणेतीन तास, इंटरव्हलशिवाय

सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' ज्यांनी फक्त टीव्हीवर बघितलाय त्यांनी तो बघितलेलाच नाही, असं मी आता छातीठोकपणे म्हणणार आहे. राग आला तर येऊ दे.

बाबा पुण्याहून लंडनला आले होते आणि बीएफआय साउथबँकला हा लागला होता. थिएटर वॉटर्लू पुलाखाली, १९५७ पासून तिथेच. दाराबाहेर पुलाच्या सावलीत जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात. तिथून बाबांना आत नेणं हाच एक कार्यक्रम होता. त्यांच्या पिढीला काउबॉयचा पिक्चर म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ आणि शेवटी कोसळणारे कडे. तेवढ्या भांडवलावर ते आले.

सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतात. दहा मिनिटं जवळजवळ कुणी बोलत नाही, संगीतही नाही. पवनचक्की कुरकुरते. वरून पाणी ठिबकतं ते वुडी स्ट्रोडच्या टकलावर. तो हलत नाही, फक्त हॅट घालतो, मग थेंब हॅटवर टपटपायला लागतात. जॅक एलमच्या दाढीवर माशी बसते. पडद्यावर ती पारव्याएवढी दिसते. टीव्हीवर इथे माणूस मोबाइल उचलतो. थिएटरमध्ये आपणही त्या तिघांबरोबर ताटकळत बसतो. मग गाडी येते, चार्ल्स ब्रॉन्सन उतरतो आणि घोड्यांच्या हिशोबावरून दोन वाक्यं होतात. एक घोडा कमी पडतोय, असं हे म्हणतात. तो म्हणतो, दोन जास्त आणलेत. सगळं थिएटर हसलं. त्या हशामागे दहा मिनिटांची उधारी होती.

चित्रपट १९६८चा, टेक्निस्कोपमधला. त्यात निगेटिव्हची निम्मीच उंची वापरतात, फिल्म निम्मी लागते. मोठी करून दाखवली की दाणे दिसतात. हे दाणे मला फार आवडतात. हेन्री फोंडाच्या गालावर वाळू भुरभुरल्यासारखी वाटते.

शेतावरच्या प्रसंगात किड्यांची किरकिर एकदम थांबते. आमच्या रांगेत कुणीतरी वेष्टन उघडत होतं, तेही थांबलं. बाप, मुलगी, थोरला मुलगा पडतात, उरतो धाकटा. कॅमेरा मारेकऱ्याच्या पाठीमागून फिरत पुढे येतो आणि तो हेन्री फोंडा निघतो. बाबा कुजबुजले, "हा तो बारा जणांतला भला माणूस ना रे?" म्हणजे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधला. नेहमीचा भला माणूस इथे खलनायक, हा धक्का अमेरिकन प्रेक्षकांनाही बसला होता. मग पोरावर गोळी सुटते आणि तिचा आवाज थेट आगगाडीच्या शिट्टीत मिसळतो.

"अरे, हे तर ठाकूरचं घर!" हे मात्र बाबा कुजबुजले नाहीत. पुढच्या बाईंनी वळून बघितलं. पण माणूस चूक नव्हता. 'शोले'तही पोरावर गोळी सुटते आणि पुढचं दृश्य ठाकूरला घेऊन येणाऱ्या गाडीचं. सलीम-जावेदनी लिओनी घोळून घोळून बघितला असणार. बाबांचं मत असं, की त्या पवनचक्कीपेक्षा 'शोले'तल्या झोपाळ्याची कुरकुर जास्त चांगली. मला वाद घालावासा वाटला नाही.

क्लॉडिया कार्डिनाले स्टेशनातून बाहेर पडते आणि कॅमेरा छपरावरून उचलला जाऊन अख्खं गाव दिसतं, तिथे मॉरिकोनीचं संगीत खुर्चीच्या हातांतून जाणवत होतं. ते संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं, सेटवर वाजवायचे म्हणे.

त्यानंतर कधीतरी बाबांनी विचारलं, "इंटरव्हल कधी?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की फोंडा परवडला. डायबेटिसवाला माणूस, १६५ मिनिटांचा चित्रपट. शेवटी अंधारात गुडघे चुकवत गेले आणि परतले तेव्हा जेसन रोबार्ड्सचा एक सीन हुकला होता, तो मी कानात सांगितला. पुन्हा त्या बाई.

आता ते पुण्यात फोनवर सुरुवातीची ती दहा मिनिटं मित्रांना दाखवत असतात. फोनवर नका बघू हो, म्हटलं तर म्हणाले, "इथे मध्ये उठता तरी येतं."