हिरवी वायर

रात्री पावणेदोनला फोन आला. "भाऊ, लाइट बरोबर पेटून राहिले, पण पाइप करंट मारते. पोट्टा पडला."

दिवाळी झाली की होळीपर्यंत आमच्या वडसा-ब्रह्मपुरी भागात झोपेचा हिशेब राहत नाही. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं झाडीपट्टीचं नाटक. माझ्या दुकानात तेव्हा दुरुस्तीला आलेल्या स्टेजच्या लाइटांचे ढीग लागतात, दुसरं काम मी घेतच नाही.

त्या स्टेजवरचे ३६ पार, म्हणजे स्टेजचे रंगीत लाइट, मीच पास केले होते. एलईडीचे, प्रत्येकात तीन वॅटचे ५४ दाणे. ठेकेदाराने मुंबईकडचा जुना माल उचलला होता, त्यातले ११ मेलेले आले. ते उठवायला मी मनापासून खपलो. चारांच्या सप्लायमधला ४०० व्होल्टचा कपॅसिटर फुगलेला. तिघांची डीएमएक्स, म्हणजे लाइट चालवायच्या बोर्डाचा सिग्नल, घेणारी आयसी गेलेली, म्हणजे लाइट धडधाकट पण बोर्डाचं ऐकत नाही. उरलेल्या चारांत लालच नाही. एका रंगाचे दाणे सिरीजमध्ये असतात, एक गेला की अख्खी ओळ अंधारी, आणि तो एक सापडेपर्यंत दाण्यादाण्यावर मीटर धरावा लागतो. पूर्ण पॅनल बदलून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मी दाणा बदलतो. मग प्रत्येक लाइट आधी सिरीज बल्बवर, म्हणजे लाइनीत मध्ये बल्ब जोडून, लावला, रंग पाहिले, बोर्डावर चालवला आणि पाठीवर मार्करने 'ओके' लिहिलं.

पहिली दोन नाटकं जनरेटरवर झाली, तक्रार नाही. तिसऱ्या गावात डिझेल वाचवायला ठेकेदाराने गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून लाइन घेतली. मध्यरात्रीनंतर दव पडलं. बल्ल्यांना बांधलेला लोखंडी पाइप, ओल्या बांधीत (धानाच्या शेतात) टेकलेली लोखंडी शिडी, अनवाणी पोरगा. पुढच्या प्रवेशासाठी लाइट वाकवायला चढला आणि आठ फुटांवरून फेकला गेला. खाली तणसाचा ढीग होता म्हणून मनगटावर निभावलं.

फोनवर मी सांगितलं, लाइन बंद करा, जनरेटरवर घ्या. घेतलं, आणि करंट गायब. नाटक पहाटेपर्यंत चाललं. सकाळी सगळ्यांचं एकमत, गावची लाइनच खराब. माझाही तोच अंदाज होता, न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, ढिला असेल. पण न्यूट्रल ढिला असता तर व्होल्टेज चढून चार-दोन लाइट उडाले असते. इथे ३६ही शाबूत. हे डोक्यातून जाईना म्हणून सगळे परत मागवले.

पहिल्याचं झाकण काढलं. हिरवी अर्थ वायर, बॉडीत उतरलेला करंट जमिनीकडे नेणारी, बॉडीच्या स्क्रूजवळ कापलेली. तुटलेली नव्हे, कटरने कापलेली, आणि टोकावर नीट स्लीव्ह चढवलेली. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. ३६पैकी ३६. त्यातले ११ मी आधीच उघडले होते. ती वायर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी कपॅसिटर बघत होतो.

कापली का, ते मला लगेच कळलं. या सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज (करंट आणणारी वायर) आणि बॉडी, तसंच न्यूट्रल आणि बॉडी यांच्या मध्ये छोटे कपॅसिटर असतात. फेजकडचा ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्टवर त्यातून ०.३४ मिलिअँपिअर अर्थमध्ये जातो. यात दोष काही नाही, रचनाच तशी. पण ३६ लाइट एका आरसीसीबीवर, म्हणजे करंटची गळती दिसताच लाइन तोडणाऱ्या स्विचवर, टांगले की १२ मिलिअँपिअर असेच गेले, वर दव आणि जुने जोड. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडते. भर कार्यक्रमात दोनदा अंधार झाला असेल, मग कुणीतरी बसून एकेक हिरवी कापली.

आमच्या ठेकेदाराकडे तर नुसती एमसीबी, जास्त लोड किंवा शॉर्ट झाला तरच पडणारी. ती असल्या करंटला हलतही नाही. आणि त्याच्या जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नव्हता, म्हणून माणसातून जमिनीत गेलेल्या करंटला परतायला वाट नव्हती. डीपीचा न्यूट्रल जमिनीत असतो, तिथे वाट पूर्ण झाली. खराबी दोन्ही ठिकाणी तीच होती.

आता ३६मधला खरा गुन्हेगार कोणता? टेस्टर सगळ्यांवरच पेटतो, कारण अर्थ नसलेली बॉडी त्या कपॅसिटरांमुळे ११५ व्होल्टच्या आसपास असते. म्हणून बॉडी आणि दुकानाच्या अर्थिंगमध्ये १५ वॅटचा बल्ब जोडला. नुसत्या गळतीवर तो पेटत नाही, फेज आली तरच पेटतो. ३६ झाले, एकही पेटला नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, तोही चांगलं सांगतो. रात्री जेवताना आठवलं, पोरगा लाइट वाकवत होता. ताट सारून उठलो. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी प्रत्येकाला पट्टीत पूर्ण खाली वाकवत. सव्विसाव्याला बल्ब पेटला. केबल आत शिरते तिथलं रबर गेलेलं, पत्र्याच्या धारेने फेजचं इन्सुलेशन खाल्लेलं. लाइट वाकला की केबल ताणायची आणि तांबं पत्र्याला टेकायचं.

कापणाऱ्याला शिव्या द्याव्या वाटतात, पण मी शिकाऊ असताना अॅम्प्लिफायरची घूंऽऽ बंद करायला उस्तादांनी अर्थची पिन काढायला शिकवलं आणि पुढे कित्येक वर्षं मी ती काढत आलो. आवाज स्वच्छ, गिऱ्हाईक खूश. ते अॅम्प्लिफायर कोणत्या गावात कुणाच्या हाताखाली आहेत, मला सांगता येणार नाही.

सव्विसावा बाजूला ठेवला, बाकी ३५ही अर्थ लग दाबून जोडल्या. १२, १२ आणि ११ असे तीन भाग केले, प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी. म्हणजे भागाला चार मिलिअँपिअर, उगाच पडायचं कारण नाही. बांधीत रॉड ठोकून जनरेटरचा न्यूट्रल त्याला बांधायला लावला, नाहीतर आरसीसीबी काही कामाची नाही. ठेकेदार म्हणाला, "एवढ्यात एक बीम आला असता जी." बीम लाइटला आणि धुराच्या मशीनला पैसे निघतात, अर्थिंगचं नाव काढलं की चेहरा पडतो. गावची मंडळीही बुकिंग करताना लाइट किती, एवढंच विचारतात.

परवा तो पोरगा दुकानात आला, मनगटाला पट्टी. लाइटाच्या पाठीकडे बघत म्हणाला, "भाऊ, तुमी त ओके लिवलं होतं ना?" रागाने नव्हे, सहज विचारलं त्याने. हो म्हणालो. सव्विसावा मुद्दाम तसाच ठेवला आहे. तो टेबलावर घेतला, बल्ब जोडला आणि लाकडी काठीने वाकवून दाखवला. बल्ब पेटला. मग त्याने काठी माझ्या हातातून घेतली आणि आणखी दोनदा वाकवून पाहिला.