डॉक्टर म्हणतात मेडिकलमधून आणा, मेडिकलवाला म्हणतो डॉक्टरांनाच विचारा

फ्लूची लस घेणं हे खरं तर पाच मिनिटांचं काम. दंडात सुई, थोडा वेळ बाकावर बसायचं, घरी यायचं. पण ती सुई सासूबाईंच्या दंडापर्यंत पोचवताना माझ्या डोक्याचा जो भुगा झाला, तो अजून उतरलेला नाही.

सासूबाई सत्तरीपुढच्या. साखर आहे, दमाही आहे. म्हणजे फ्लू ज्यांना महागात पडतो त्या यादीत त्या दोनतीनदा बसतात. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत दोन दिवस फुरंगटून बसल्या, मग तयार झाल्या. पुण्यात २००९ चा स्वाइन फ्लू बघितलेल्या माणसाला फार समजवावं लागत नाही. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, सगळं त्यांना आठवतं. तोच विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या साध्या फ्लूत मिसळून फिरतो आणि लशीत त्याचाही अंश असतो.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘जरूर घ्या, पण मी दवाखान्यात ठेवत नाही. मेडिकलमधून आणा, मी टोचतो.’ मेडिकलवाल्याला चिठ्ठी हवी. चिठ्ठी नेली, तर मागवावी लागेल आणि परत घेणार नाही, ही अट. ठीक. लस आल्याचा फोन आला, गेले. त्यानं फ्रीज उघडला. पाण्याच्या बाटलीला टेकून इन्सुलिन, त्यामागे आमचं खोकं. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, गोठली तरी वाया जाते. फ्रीजमध्ये तापमापी कुठं दिसेना. विचारलं तर म्हणे, ‘ताई, हात लावून बघा की, गार आहे.’

खोकं हातात घेतलं आणि तिथंच अडले. एक्सपायरी पुढची होती, पण त्यावर छापलेला हंगाम गेल्या वर्षाचा. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लशीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. खोक्यावर एनएच (उत्तर) किंवा एसएच (दक्षिण) आणि साल असतं ते त्यासाठीच. मला नवीन हवी होती. ‘अहो, एक्सपायरीला अजून अवकाश आहे!’ तो म्हणाला. मी म्हटलं, एक्सपायरीचं नाही, आतल्या मालाचं विचारतेय. ‘ते डॉक्टरांनाच विचारा.’

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘हं, नवीन बघा. आणि आणताना बर्फात आणा हं, नाहीतर मी टोचणार नाही.’ बरोबरच आहे त्यांचं. पण मेडिकलवाला बर्फाची पिशवी देईना, आगाऊ घेतलेले पैसेही देईना. तो म्हणाला जुनी न्या, डॉक्टर म्हणाले नवी आणा, आणि मधल्या मधे मी रिक्षाचं भाडं भरतेय. पैशांसाठी शेवटी आवाज चढवावा लागला. मिळाले.

सुटका झाली ती एका मैत्रिणीच्या एका वाक्यानं: ‘अगं, लहान मुलांच्या डॉक्टरकडे विचार ना.’ बालरोगतज्ज्ञांकडे लशींचा राबता असतो, फ्रीज वेगळा, तापमानाची वही लिहिलेली. फोनवर हंगाम विचारला, तिथल्या बाईंनी खोकं बघून वाचून दाखवला. गेलो तेव्हा भिंतीवर हत्ती-जिराफ, भोवती रडणारी तान्ही, आणि रिसेप्शनची मुलगी विचारते, ‘पेशंट कुठंय?’ सासूबाईंनी हात वर केला.

खोक्यावर विषाणूचे चारऐवजी तीनच प्रकार दिसले तर घाबरू नका. बी-यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर सापडलेलाच नाही, म्हणून तो वगळतात. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो, जानेवारी ते मार्चमध्येही डोकं वर काढतो. लशीचा जोर यायला दोनेक आठवडे जातात, म्हणून जूनआधी उरकलेलं बरं. आणि दरवर्षी घ्यावी लागते, एकदा घेऊन भागत नाही. जोखमीच्या लोकांसाठी सरकारी दवाखान्यात मोफत सोय असते. साठा आहे का, एवढं आधी विचारा.

हो, राहिलंच. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण गंभीर होण्याचा धोका कमी होतो. अचानक सणकून ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला असेल तर वयस्कर माणसाला लगेच दाखवा. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे दिसले तर थेट रुग्णालय.

सासूबाईंचा दंड एक दिवस दुखला, रात्री जरा कणकण आली. ‘बघ, फ्लू झाला!’ म्हणाल्या. लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना हे त्यांनीच ऐटीत समजावलं. काकूंना मी बालरोगतज्ज्ञांचा नंबर दिलाय.